गंगाधरपंतांचा तपास: पानिपत जिंकलेल्या मुंबईत दोन दिवस

(अलिबागच्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय 'मराठीतील विनोदी भूतकथा' असा लिहिलाय. मी फोनवर सांगितलं होतं, 'एका विनोदी, अद्भुत तपासकथेवर बोलेन.' अद्भुत आणि तपास हे दोन शब्द वाटेत कुठंतरी गळाले आणि त्यांच्या जागी भूत आलं. कोणी भुतासाठी आलं असेल तर आधीच माफी मागतो. आजच्या गोष्टीत भूत नाही. दोन दिवस गायब झालेला एक माणूस आहे, त्याच्या खिशात एका जुन्या पुस्तकाचं फाटकं पान आहे, आणि एक मुंबई आहे, जी आपल्या मुंबईसारखी आहे आणि नाही. ही गोष्ट म्हणजे जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तिचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे, त्यामुळे आजोबा आणि नातू दोघांनी वाचलेली अशी ही दुर्मीळ मराठी गोष्ट आहे. 'यक्षांची देणगी' या संग्रहात ती तुम्हाला सापडेल.

ती अलिबागेत का सांगायची? आपण मुंबईकडे समुद्रापलीकडून बघणारे लोक. मांडव्याच्या धक्क्यावर संध्याकाळी उभं राहिलं की समोर दिवे लागतात. तिथं राहणाऱ्याला जी मुंबई दिसते ती ही नव्हे. तत्त्वज्ञानात लाइब्निट्स नावाचा एक मोठा माणूस होऊन गेला. १७१४ च्या सुमारास त्यानं लिहिलंय की एकच शहर वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं तर वेगवेगळी शहरं असल्यासारखी दिसतात. मी ते वर्गात तीस-बत्तीस वर्षं शिकवलं. मला ते कळलं मांडव्याच्या धक्क्यावर, निवृत्त झाल्यावर.

आता आधी जात ठरवू. माणसांची नव्हे, गोष्टीची. (हशा)

रहस्यकथेचा एक अलिखित करार असतो. काहीतरी घडलेलं आहे. ते एकच आहे. ते लपलेलं आहे. गुप्तहेर पुरावे जमवतो आणि शेवटी 'असं झालं' म्हणून सांगतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावं ऐकली की माझ्या वयाच्या माणसांचे डोळे अजून चमकतात. त्या सगळ्यांच्या तळाशी हा करार आहे: भूतकाळ एकच, आणि तो बदलत नाही. खून सोमवारी झाला असेल तर तो सोमवारीच झाला.

या करारात अद्भुत शिरलं की काय होतं? मराठीत त्याच्या दोन वाटा मला दिसतात. एक नारायण धारपांची. त्यांचा समर्थ अमानवी शक्तींचा माग काढतो, पण त्या शक्ती आहेत की नाहीत याबद्दल त्याला शंका नसते. त्याचा प्रश्न डॉक्टरासारखा: रोग कुठला आणि उतारा काय? तिथं हसू नाही, असलंच तर धाप लागल्यावरचं. दुसरी वाट विनोदाची. १९९३ चा महेश कोठाऱ्यांचा 'झपाटलेला' आठवा. तात्या विंचू हा गुंड एका बाहुल्यात शिरतो. आपल्याला, म्हणजे प्रेक्षकांना, खुनी कोण ते पहिल्यापासून माहीत असतं. बिचाऱ्या लक्ष्याला ते कळतं, पण पोलिसांना सांगणार कसं, 'साहेब, बाहुल्यानं केलं'? सगळं हसू या अडचणीतून येतं. सत्य हातात आहे आणि ते उच्चारलं की आपणच वेडे ठरतो. रामदास पाध्यांचा तो बाहुला म्हणून तर इतका भयंकर वाटतो: तो खोटा आहे हे सगळ्यांना दिसतंय.

बाहेरच्या जगात या दोन्ही वाटा एकत्र करून एक अख्खं शहरच वसवणारा लेखक म्हणजे टेरी प्रॅचेट. त्याचं अँख-मॉरपॉर्क हे शहर या जगातलं नाहीच. तिथं ड्रॅगन आहेत, मातीचे चालते-बोलते गोलेम आहेत, आणि त्यांच्यातून वाट काढत गुन्हे शोधणारा व्हाइम्स नावाचा, पुराव्यांवर फारसा विश्वास नसलेला पोलीस आहे. १९८९ च्या 'गार्ड्स! गार्ड्स!' पासून ही मालिका चालली. पण व्हाइम्स त्या शहराचाच आहे. त्याला ड्रॅगनची भीती वाटते, आश्चर्य वाटत नाही.

नारळीकरांनी तिसरंच केलं. त्यांनी शहर बदललं आणि गुप्तहेर मात्र आपल्याकडचा ठेवला. चष्मा, नोटबुक आणि अध्यक्षपदाची हौस असलेला पुण्याचा इतिहासाचा प्राध्यापक.

इथं एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथेची स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. नाव बघून परीक्षक बक्षीस देतील ही शंका नको म्हणून त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली. जयंत विष्णू नारळीकर, ज वि ना. उलट वाचलं की ना वि ज. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंनी ती आपल्या हातानं लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. म्हणजे ज्या माणसाच्या लेखनाची सुरुवात टोपणनाव, उलटी आद्याक्षरं आणि बदललेलं हस्ताक्षर यांनी झाली, त्याला रहस्यकथेची हाडं ठाऊक होती.

आता गोष्टीकडे. थोडक्यात सांगतो, कारण काहींनी वाचून बराच काळ लोटला असेल.

प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे. पानिपतची लढाई आपण जिंकली असती तर इतिहास कसा वळला असता, यावर त्यांना एका परिसंवादात बोलायचंय. हा विचार डोक्यात घोळत असताना पुण्याच्या रस्त्यावर त्यांना ट्रकची धडक बसते. आणि ते एका वेगळ्याच जगात येतात, जिथं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. तिथल्या पुण्याहून ते मुंबईला निघतात. गाडी आहे जिजामाता एक्स्प्रेस, डेक्कन क्वीनपेक्षा वेगवान. ती आपल्या कर्जतला थांबते, अगदी थोडा वेळ. तेवढी त्या जगाशी रायगड जिल्ह्याची ओळख. पुढं सरहद्दीचं स्टेशन येतं आणि परवाने तपासले जातात. कारण पुढं इंग्रजांचा मुलूख आहे. संपूर्ण हिंदुस्थानात त्यांच्याकडे उरलेला एकुलता एक तुकडा, मुंबई, भाडेपट्ट्यानं दिलेली. पट्टा २००१ साली संपणार.

बघा, किती नेमकं शहर रचलंय. स्टेशन विलक्षण स्वच्छ. गणवेशात अँग्लो-इंडियन आणि पारशी कर्मचारी. बाहेर पडताच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुख्य कचेरीची इमारत. १८५७ नंतर जी कंपनी मोडीत निघाली ती इथं धडधाकट उभी आहे. शेजारचा प्रवासी खानसाहेब मुंबईहून दिल्ली, लाहोर करत पेशावरला निघालाय, मधे कुठं दुसरी सरहद्द नाही. फाळणी झालेली नाही, असं लेखक कुठंही म्हणत नाही. फक्त एक माणूस गाड्या कशा बदलायच्या ते सांगतो, आणि आपल्या पोटात गलबलतं. ही रहस्यकथेची शिस्त आहे. निष्कर्ष सांगायचा नाही, वस्तू दाखवायची.

मग गंगाधरपंत दोन गोष्टी करतात, आणि या दोन गोष्टींत सगळी कथा आहे. एक, ते आपल्या मुलाचा, विनयचा, शोध घेतात. तो फोर्ब्समध्ये नोकरीला आहे. म्हणजे आपल्या जगात आहे. इमारत सापडते. स्वागतिका यादी बघते, सगळ्या शाखांची यादी बघते, मान हलवते. या नावाचं कोणी नाही. दोन, ते टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जातात.

पहिल्या गोष्टीकडे मी शेवटी येईन. आधी ग्रंथालय.

तिथं ते स्वतःच लिहिलेला पाच खंडांचा इतिहास मागवतात. तोही तिथं असतो! पहिले चार खंड, औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, जसेच्या तसे. पाचव्यात फरक. मग ते पुढून आणि मागून वाचत वाचत फरकाची जागा आवळत आणतात. गुन्हा कुठल्या खोलीत झाला ते शोधणाऱ्या गुप्तहेरासारखे. आणि येऊन थांबतात १४ जानेवारी १७६१ वर. पानिपत. आपल्या इतिहासात विश्वासरावाला गोळी लागते आणि सैन्याचा धीर सुटतो. त्या इतिहासात गोळी कानाजवळून निघून जाते. भाऊसाहेबांच्या बखरीची तिथली प्रत ते वाचतात, आणि ग्रंथालय बंद व्हायच्या वेळी नकळत ती खिशात घालतात.

रात्री आझाद मैदानावर एक व्याख्यान चाललेलं असतं. मंचावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी. आता ज्या माणसानं ९९९ वेळा अध्यक्षपद भूषवलंय त्याला रिकामी खुर्ची बघवेल का? ते सरळ जाऊन बसतात आणि बोलायला लागतात. पण त्या जगात सभेला अध्यक्ष असण्याची चालच कधीची बंद झालेली आहे! लोक आधी ओरडतात, मग टोमॅटो आणि अंडी येतात, मग लोकच मंचावर चढतात. आणि गंगाधरपंत दिसेनासे होतात. सकाळी सापडतात ते आझाद मैदानावरच. आपल्या.

आता मला या कथेबद्दल जे म्हणायचंय ते म्हणतो.

ही कथा आपण विजयाची कथा म्हणून वाचतो. मी स्वतः पहिल्यांदा तशीच वाचली. पानिपत ही आपली जुनी जखम. शेजवलकरांचा ग्रंथ, विश्वास पाटलांची १९८८ ची कादंबरी, 'पानिपत झालं' हा वाक्प्रचार. मराठी माणूस परीक्षेत नापास झाला तरी त्याचं पानिपत होतं. तेव्हा कोणी म्हटलं, 'चला, जिंकलो असतो तर काय झालं असतं ते दाखवतो', की आपण खुर्ची पुढं ओढून बसतो. पण लेखकाचं लक्ष तिथं नाही. विजयानंतरचं राज्य कसं होतं हे तो दोन-चार परिच्छेदांत उरकतो. त्याचा जीव अडकलाय दुसऱ्याच प्रश्नात: हे खरं आहे हे मला कळणार कसं? साधा गुप्तहेर विचारतो, 'कोणी केलं?' गंगाधरपंतांना विचारावं लागतं, 'मी कुठल्या जगात आहे, आणि माझ्याकडे त्याचा पुरावा काय?'

पुरावा म्हणजे ते पान. बखर मैदानावरच्या झटापटीत गेली, एक फाटकं पान खिशात राहिलं. घरच्या प्रतीत तेच पान, तोच मजकूर, फक्त गोळी लागलेली. दोन प्रती शेजारी ठेवल्या की अंगावर काटा येतो. भूत दाखवून येत नाही एवढा.

या ठिकाणी मला आपल्याकडची एक फार जुनी गोष्ट आठवते. योगवासिष्ठात गाधी नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. तो नदीत बुडी मारतो आणि त्या एका बुडीत एक अख्खं आयुष्य जगतो. चांडाळाच्या घरी जन्म, संसार, पुढं कीर देशाचं राज्य, मग जात उघड होणं, अग्निप्रवेश. डोकं वर काढतो तर नदी तीच, वेळ तीच. भ्रम म्हणून सोडून देतो. पण काही दिवसांनी एक पाहुणा येतो आणि कीर देशात असा एक राजा खरंच होऊन गेला म्हणून सांगतो. आणि मग गाधी काय करतो? उठतो आणि चौकशीला जातो! त्या गावात जाऊन घर बघतो, लोकांना विचारतो, सगळं जुळतं. मला हा आपल्या वाङ्मयातला पहिला अद्भुत गुप्तहेर वाटतो. शेवटी त्याला सांगितलं जातं की हीदेखील मायाच, साक्षीदारांसकट. म्हणजे पुरावा मिळाला तरी त्याची किंमत शून्य.

नारळीकर वैज्ञानिक. त्यांना हा शेवट मान्य होणार नाही. त्यांच्याकडे पान हातात राहतं. साक्षीदार खोटं बोलतील, स्वप्नात येतील, पण कागद टेबलावर पडलेला आहे, राजेंद्र देशपांडे नावाचा दुसरा माणूसही तो वाचू शकतो. मला कळलेलं दुसऱ्यालाही तपासता आलं पाहिजे, हा विज्ञानाचा आग्रह एका फाटक्या पानात त्यांनी बसवला. गाधी आणि गंगाधरपंत यांच्यामधलं अंतर तेवढंच आहे, एका कागदाएवढं.

तुमच्या गावात याची एक साक्ष आहे. इथली चुंबकीय वेधशाळा १९०४ साली कुलाब्याहून इकडे आली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्यामुळे नोंदी बिघडल्या असत्या. पण शास्त्रज्ञांनी एक ठिकाण बंद करून दुसरं सुरू केलं नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, तुलना करता यावी म्हणून. गंगाधरपंतांना दोन वर्षं मिळाली नाहीत, दोन दिवस मिळाले आणि एक पान. तरी त्यांनी केलं तेच. दोन नोंदी शेजारी ठेवल्या.

आता थोडी भांडणं. समीक्षकानं भांडलं नाही तर त्याला चहा मिळत नाही. (हशा)

पहिलं भांडण: नेमकं तेच पान कसं फाटलं? अख्ख्या बखरीतलं हवं तेवढंच पान खिशात राहावं हा योगायोग रहस्यकथेत चालत नाही. कथेतली माणसंसुद्धा याला नशीब म्हणून पुढं जातात. लेखकाला तो सांधा दिसलाय आणि त्यानं हसून त्यावरून उडी मारलीय. शिवाय तो कागद बखरीचा आहे. बखर म्हणजे रणांगणावरची रोजनिशी नव्हे. राजवाड्यांनी बखरींवर केवढा अविश्वास दाखवला ते इतिहासाच्या विद्यार्थ्याला माहीत आहे, आणि गंगाधरपंत तर प्राध्यापक. एका बखरीतलं एक वाक्य त्यांनी निर्णायक पुरावा मानावं? मी इतकंच म्हणेन की ते पान लढाईचा पुरावा म्हणून कच्चं आहे, पण दोन जगांचा पुरावा म्हणून पक्कं आहे. कारण तिथं प्रश्न गोळी खरोखर कुठं लागली हा नाहीच; एकाच पुस्तकाची दोन पानं आली कुठून, हा आहे.

दुसरं भांडण: तो दुसरा कुठं गेला? त्या जगातही गंगाधरपंतांच्या नावाचा पाच खंडांचा इतिहास आहे, म्हणजे तिथंही एक गंगाधरपंत असणार. मग आपले पंत तिथं हिंडत असताना ते कुठं होते? आपल्याकडे तर दोन दिवस कोणीच नव्हतं. हा प्रश्न कथा विचारतच नाही. मला वाटतं, कथेची सर्वांत मोठी संधी इथं हुकली. आपलं पुस्तक दुसऱ्या कोणी तरी लिहिलंय आणि तो दुसरा मीच आहे, यापेक्षा भयंकर आणि विनोदी काय असेल?

तिसरं भांडण शेवटाशी. राजेंद्र फळ्यासमोर उभा राहावा तसा समजावून सांगतो: कॅटॅस्ट्रॉफी थिअरी, मग पुंज यामिकी, इलेक्ट्रॉन कुठं जाईल ते ठामपणे सांगता येत नाही, तेव्हा जगांना फाटे फुटतात. फ्रेंच गणिती रने थोमचा कॅटॅस्ट्रॉफी सिद्धांत सत्तरच्या दशकात चर्चेत होता, आणि एव्हरेटनं पुंज यामिकीचा अनेक-जगांचा अर्थ १९५७ सालीच मांडला होता. शास्त्र म्हणून ते रंजक आहे. पण कथा म्हणून इथं ती खाली बसते. जादूगारानं प्रयोग झाल्यावर हातरुमालाची घडी उलगडून दाखवावी तसं होतं. नारळीकरांच्या बहुतेक कथांचा हा दोष आहे आणि तो शिक्षकाचा दोष आहे, म्हणून मी तो जास्त कडक शब्दांत सांगू शकत नाही.

चौथं भांडण आपलं, किनाऱ्याचं. सगळा इतिहास एका गोळीवर का टांगायचा? या अलिबागेतून दिसणाऱ्या कुलाबा किल्ल्याला विचारा, तो वेगळी तारीख सांगेल. कान्होजी आंग्रे १७२९ साली गेले. १७५५ साली सुवर्णदुर्ग आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग. पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून तुळाजी आंग्र्यांचं आरमार संपवलं. पानिपतच्या पाच वर्षं आधी. समुद्र गेला होता. आता गंमत बघा. नारळीकरांच्या त्या विजयी जगातसुद्धा मुंबई इंग्रजांकडेच राहते. पानिपत जिंकूनही बंदर परत येत नाही. लेखकानं आरमाराचा विचार करून हे केलं असं मी म्हणणार नाही. पण त्याची कल्पना प्रामाणिक आहे, म्हणून ती आपोआप खऱ्या जागी येऊन उभी राहिली. फाटा फुटतो तो पानिपतावर, असं पुण्याहून दिसतं. मांडव्याहून तो जरा अलीकडे दिसतो.

आता विनोदाबद्दल. पुष्कळांना तो खुर्चीचा प्रसंग म्हणजे तोंडी लावणं वाटतं. मला तो कथेचा कणा वाटतो. ज्याला सत्य शोधायचंय त्याच्या वाटेत सर्वांत मोठी अडचण कोणती? त्याची स्वतःची खुर्ची. ग्रंथालयात पंत उत्कृष्ट गुप्तहेर आहेत: नम्र, चिकाटीचे, स्वतःच्या पुस्तकावरसुद्धा संशय घेणारे. रात्री मैदानावर तेच पंत सगळं विसरतात. परक्या जगाचे रीतिरिवाज बघून घ्यायचे, हा गुप्तहेराचा पहिला धडा. पण अध्यक्षपद म्हटलं की धडा संपला. आणि ते जग त्यांना बाहेर फेकतं, टोमॅटो मारून. भूतकथेत मांत्रिक जे काम करतो ते इथं चिडलेले श्रोते करतात. (हशा) परत आल्यावर पंत परिसंवादाच्या आयोजकांना नकार कळवतात. हजारावं भाषण झालेलं आहे, आझाद मैदानावर. एवढा बदल एखाद्या माणसात झाला तर आणखी वेगळा पुरावा कशाला हवा?

नारळीकर स्वतः २०२१ च्या नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि प्रकृतीमुळे तिथं येऊ शकले नाहीत. त्यावर तेव्हा बरंच बोललं गेलं. मला मात्र ही कथा आठवत होती. २० मे २०२५ ला ते गेले. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'चार नगरांतले माझे विश्व'. त्या चार नगरांत एक पाचवं मोजायला हवं: जिजामाता एक्स्प्रेस जिथं पोचते ते.

आता विनयकडे येतो. मघाशी राखून ठेवला होता.

वाचकांना विजय आठवतो, टोमॅटो आठवतात, पान आठवतं. ती यादी बघून मान हलवणारी स्वागतिका कोणाला आठवत नाही. पण विचार करा. ज्या जगात पानिपत जिंकलं, फाळणी झाली नाही, स्टेशनं स्वच्छ आहेत, त्या जगात गंगाधरपंतांचा मुलगा त्या यादीत नाही. कदाचित दुसरीकडे असेल. कदाचित जन्मलाच नसेल. लेखक पंतांना तिथं थांबू देत नाही, लगेच ग्रंथालयात पाठवतो. पण मी या वयात तिथंच थांबतो.

आपल्या किनाऱ्यावर घरोघरी एक न झालेली मुंबई आहे. माझ्या धाकट्या भावाचं सांगतो. त्याची परवानगी घेतलीय. तो आला नाही, गुडघे धरलेत त्याचे. तो गिरणीत होता, लालबागला खोली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप औपचारिकपणे कधी मिटलाच नाही. वर्षभरानं भाऊ गावी परत आला, सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. चाळीस वर्षं त्याचं एक वाक्य ठरलेलं: 'संप झाला नसता तर...' आज खोलीची किंमत काय असती, पेन्शन किती असती. हिशेब अगदी रुपयापर्यंत तयार. मीही मान डोलवायचो.

दोन वर्षांपूर्वी पडवीत बसलो होतो. त्याचं ते सुरू झालं. त्याची मुलगी त्याच्या गुडघ्याला तेल चोळत होती. तिनं मान वर न करता विचारलं, 'बाबा, संप झाला नसता तर तुमचं लग्न चौलच्या मुलीशी झालं असतं का?' तो म्हणाला, 'छे! मुंबईतलीच कोणीतरी केली असती.' ती म्हणाली, 'मग त्या तुमच्या खोलीत तेल कोण लावणार होतं?' आणि आत निघून गेली. भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग मला म्हणाला, 'दादा, हे माझ्या हिशेबात नव्हतं रे.'

मंडळी, मी तीस वर्षं संभाव्य जगं शिकवली. लाइब्निट्सच्या ग्रंथाच्या शेवटी एक प्रासाद आहे, त्यात प्रत्येक दालन म्हणजे एक शक्य जग, आणि दालनात त्या जगाचा इतिहास लिहिलेलं पुस्तक. डेव्हिड लुईसनं १९८६ साली म्हटलं की ती सगळी जगं आपल्या जगाइतकीच खरी आहेत. हे सगळं मी फळ्यावर मांडलं. पण 'जर'ची किंमत कोणत्या चलनात चुकवायची असते ते मला पुतणीनं सांगितलं, आणि नारळीकरांनी एका स्वागतिकेच्या मान हलवण्यात लिहून ठेवलेलं होतं. इतिहासाचं एक पान बदललं की आपल्याला हवं तेवढंच बदलत नाही. त्या पानावर ज्यांची नावं येणारच नव्हती, तीही बदलतात.

म्हणून आजकाल कोणी छाती फुगवून 'आपण हरलो नसतो तर' म्हणू लागला की मी विचारतो, 'ठीक, पण तुमचा विनय कुठंय?'

थांबतो. प्रश्न असतील तर घेतो.

(प्रश्न: सर, मग 'जर' असा विचार करायचाच नाही का?)

करायचा की. न केला तर इतिहासाचं कारण कळणारच नाही. 'गोळी लागली म्हणून हरलो' म्हणतानाच 'लागली नसती तर' हे आपण गृहीत धरलेलं असतं. फक्त गंगाधरपंतांसारखा करायचा: ग्रंथालयात बसून, चारही खंड जुळतात का बघून, आणि आधी आपल्या माणसाची चौकशी करून. खुर्चीत बसून नाही.

(प्रश्न: तुम्हाला एक दिवस त्या मुंबईत जायला मिळालं तर?)

जाईन. इथल्या बोटीनं जाईन, बघू परवाना मागतात का. टाउन हॉलमध्ये माझं एखादं पुस्तक आहे का विचारीन. इथं तर नाहीये, तिथं असेल. (हशा) आणि शेवटच्या बोटीनं परत येईन. पुतणी वाट बघत असते.